वस्तूंची निगा : बक्कल का कळकते?

पावसाळा ओसरून आश्विनाचे ऊन पडू लागले, की सुरतेत घरोघरी कपाटे, ट्रंका आणि माळे उघडले जातात. गाद्या उन्हात पडतात, शालू-पैठण्यांच्या घड्या मोडून नव्याने घातल्या जातात, आणि त्याच आवराआवरीत कोठल्या तरी कोपऱ्यातून एखादी जुनी कातडी वस्तू हाती लागते. कोणाकडे आजोबांचा पलटणीतील किंवा पोलीसखात्यातील कमरपट्टा असतो, कोणाकडे रेल्वेच्या नोकरीतील कातडी पेटी, कोणाकडे पिढीजात तलवारीचे म्यान, तर खानदेशातून येथे येऊन स्थिरावलेल्या घरांत गावाकडच्या बैलजोडीची घुंगुरमाळ. चामडे बहुधा ठीक दिसते. मात्र जेथे पितळ चामड्याला टेकलेले असते, तेथे बकलाच्या खाली, रिबिटांच्या भोवती, टिकल्यांच्या कडेला, हिरवट मेणचट पदार्थ जमलेला आढळतो. तो पुसला तरी पुढच्या वर्षी तेथेच पुन्हा उगवतो. हे काय आहे आणि ते कसे थांबवावे, असा प्रश्न आमच्या वाचक बंधुभगिनी वारंवार विचारतात. या महिन्याचे पान आम्ही त्यासाठीच राखले आहे.

उत्तराचा अर्धा भाग आपल्या स्वयंपाकघरातच आहे. ताक, आमटी किंवा चिंचेचे सार पितळेच्या उघड्या भांड्यात ठेवले, की ते कळकते, हे कोणत्याही घरच्या वडीलधाऱ्या बाईला सांगावे लागत नाही. म्हणून तर पितळी भांड्याला आतून कल्हई करतात. कल्हई म्हणजे कथलाचा पातळ थर. आंबट पदार्थ आणि पितळ यांची गाठ पडू न देणे, एवढेच तिचे काम असते. पितळ हा तांबे आणि जस्त यांचा मिश्रधातू आहे. आम्ल, ओल आणि हवेतील प्राणवायू हे तिन्ही एकत्र आले, की त्यातील तांबे हळूहळू झिजू लागते आणि त्याचे हिरवे-निळे क्षार बनतात. आपल्या जुन्या भाषेत या हिरव्या द्रव्याला जंगाल म्हणत. चामड्यावर बसवलेले बक्कल हे या दृष्टीने कल्हई उडालेल्या भांड्यासारखे असते. फरक इतकाच, की भांड्यातील ताक आपण दोन घटकांत ओतून टाकतो, आणि चामडे मात्र बकलाला वर्षानुवर्षे चिकटून असते.

चामडे आंबट कसे, असा प्रश्न येथे कोणी विचारील. कच्चे कातडे कुजू नये म्हणून ते कमवावे लागते. आपल्याकडे बाभळीची साल, हिरडा आणि तरवडाची साल यांच्या पाण्यात कातडे मुरवण्याची पद्धत जुनी आहे. कोल्हापुरी वहाणांचे चामडे याच पद्धतीने कमावले जाते. या वनस्पतींतील तुरट द्रव्य, म्हणजे टॅनिन, कातड्याच्या तंतूंना धरून ठेवते, आणि त्याबरोबर चामड्यात सौम्य आम्लताही राहते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस क्रोमियमच्या क्षारांनी कातडे कमावण्याची रीत प्रचारात आली. ते चामडेही बहुधा किंचित आम्लधर्मी असते. चामडे कोरडे असेतोवर हे आम्ल फारसा उपद्रव देत नाही. त्याला ओल मिळाली, की ते कामाला लागते.

उत्तराचा दुसरा अर्धा भाग मात्र आपल्या हातून घडतो, आणि तो फारसा कोणाच्या लक्षात येत नाही. चामडे कडक होऊन चिरू नये म्हणून आपण त्याला तेल लावतो. कोणी एरंडेल लावतो, कोणी गोडेतेल, कोणी खोबरेल. तेल जुने झाले की खवट होते, म्हणजेच त्यातून मेदाम्ले सुटी होतात. ही मेदाम्ले बकलातील तांब्याशी मिळाली, की जो पदार्थ तयार होतो तो रसायनाच्या भाषेत एक प्रकारचा साबणच असतो : तांब्याचा साबण. तो हिरवा, मऊ आणि मेणासारखा असतो, आणि नखाने खरवडून निघतो. कातडी वस्तूंवर आढळणारा हिरवा मळ बहुतेक वेळा हाच होय. सुकलेल्या चामड्यावर मायेने तेलाचा हात फिरवणारा माणूस बकलाखाली या साबणाचीच तरतूद करीत असतो. तेल जितके अधिक, तितके हिरवे अधिक. अनेकांचा अनुभव असा असतो, की वापरातल्या पट्ट्यापेक्षा भरपूर तेल लावून जपून ठेवलेला पट्टाच अधिक हिरवा होतो. त्याचे कारण हे आहे.

डाग पुसला की काम संपले, असे मात्र समजू नये. तांब्याचे कण चामड्यात उतरले, की चामड्याच्या तंतूंचा ऱ्हास अधिक वेगाने होतो. रिबिटाभोवतीचे चामडे काळसर पडते, मग ठिसूळ होते आणि अखेरीस भुगा होऊन सुटते. जुना पट्टा बहुधा बकलापाशीच तुटतो आणि बॅगेचा बंद रिबिटापाशीच का निखळतो, याच्या कारणांत ओढ आणि झीज यांच्या जोडीला हेही एक कारण असते. जुनी हस्तलिखिते हाताळणाऱ्यांना याचे दुसरे रूप ठाऊक असते. जंगालाच्या हिरव्या रंगाने रेखलेल्या चौकटीपाशी कागद तपकिरी होऊन फाटतो, आणि बाकीचे पान मात्र शाबूत राहते. तांब्याने कागदाचे जे केले, तेच ते चामड्याचेही करते. शिवाय हा हिरवा मळ पोटात जाणे अपायकारक आहे. घरात लहान मूल असेल, तर अशी वस्तू त्याच्या हाती खेळायला देऊ नये.

पितळ आणि चामडे यांचे हे वैर जगात इतरत्रही अनुभवास आले आहे. अमेरिकेच्या सैन्यात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तांब्या-पितळेची काडतुसे कातडी पट्ट्यांच्या घरांत खोचून ठेवीत. त्यांवर हिरवा थर चढे आणि काडतुसे पट्ट्याच्या घरांत वा बंदुकीत अडकत. ऐन प्रसंगी ही अडचण जिवावर बेतणारी होती. यावर कोणी नवे तेल किंवा नवे पॉलिश काढले नाही. कातडी घरांच्या जागी कापडी घरे आली. अ‍ॅन्सन मिल्स या सेनाधिकाऱ्याने विणलेल्या पट्ट्याचा पुरस्कार केला, आणि पुढे असे पट्टे सर्रास वापरात आले. चामडे आणि पितळ यांची फारकत करताच प्रश्न मिटला. कल्हईचे तत्त्व तेच, फक्त ते वेगळ्या रूपाने अमलात आले.

दुसरे उदाहरण आपल्याच देशातले आहे आणि पावसाळ्याशी निगडित आहे. ब्रिटिश अमदानीत हिंदुस्थानातील छावण्यांत पितळी काडतुसांना पावसाळ्यात आपोआप चिरा पडत. हा दोष पावसाळ्याच्या हंगामात दिसे, म्हणून इंग्रजीत त्याला 'सीझन क्रॅकिंग' असे नाव पडले. १९२१ साली मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या संशोधकांनी त्याचा उलगडा केला. काडतुसे घोड्यांच्या पागेत साठवली जात. तेथे मूत्रातून निर्माण होणारा अमोनिया वायू दमट हवेत मिसळे. पितळेचा पत्रा थंड स्थितीत ओढून काडतूस घडवलेले असल्याने त्याच्या अंगात ताण उरलेला असे, आणि असे ताणलेले पितळ अमोनियाच्या संगतीत चिरत असे. उपायही त्यातूनच निघाला : घडवलेली वस्तू बेताने तापवून तिच्या अंगातील ताण काढून टाकावयाचा.

या शोधाचा आपल्या घुंगुरमाळेशी जवळचा संबंध आहे. पोळ्याच्या दिवशी बैलांच्या गळ्यात मिरवलेली माळ पुढे वर्षभर गोठ्यातच खुंटीला टांगण्याची चाल पुष्कळ गावांत होती. तेथे गोमूत्राचा अमोनिया, पावसाळ्याची दमट हवा, बैलाच्या घामातील मीठ आणि तेल पाजलेले कातडे या चारही गोष्टी एकत्र नांदतात. ओतीव घुंगरू जाड असते आणि त्याच्या अंगात ताण कमी असतो, म्हणून ते सहसा चिरत नाही, पण हिरवे मात्र होतेच. पत्रा ठोकून केलेली घुंगरे आणि दाबून घडवलेली बकले यांना चिरेचे भय अधिक असते. गावी अजूनही कोणाकडे अशी माळ असेल, तर ती गोठ्यातून काढून घरातील कोरड्या जागी टांगावी, अशी आमची आग्रहाची सूचना आहे.

आता सुरतेच्या हवेविषयी. तांब्याची खोड सुरतकरांना निराळी समजावून सांगावयास नको. येथील जरीच्या धंद्याने ती केव्हाच शिकवली आहे. खऱ्या जरीत चांदीच्या तारेवर सोन्याचा मुलामा असतो. खोट्या जरीत तांब्याच्या तारेवर चांदी चढवलेली असते, आणि वरचा थर झिजला की खालचे तांबे उघडे पडून जर काळवंडते. म्हणून जरीचे वस्त्र आपण मऊ सुती कापडात गुंडाळतो, अत्तराचा थेंब त्यावर पडू देत नाही, आणि घामाने ओले झाले असता ते वाळवल्याशिवाय ठेवत नाही. हीच शिस्त बकलाला लागू करावयाची. आषाढ-श्रावणात येथील हवेतील आर्द्रता बहुधा ८० टक्क्यांच्या वर असते. समुद्र जवळ, त्यामुळे हवेत खाराचा अंश असतो, आणि माणसाच्या तळहाताच्या घामातही मीठ असतेच. मिठातील क्लोराइड पितळेला विशेष घातक. त्याने पृष्ठभागावर बारीक खड्डे पडतात आणि त्यांतून फिकट हिरवी भुकटी पुन:पुन्हा बाहेर येत राहते.

त्यातच तापीचा पूर. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने शहराचा फार मोठा भाग बुडाला, तेव्हा अशा प्रसंगी घरातील कातडी वस्तूंचे काय करावे, हे ठाऊक असणे किती आवश्यक आहे, ते दिसून आले. पुराच्या पाण्यात भिजलेली वस्तू प्रथम स्वच्छ पाण्याने, घासाघीस न करता, चिखलमुक्त करावी. बकले सोडवून मोकळी करावीत. पितळ आणि चामडे यांच्यामध्ये कोरड्या टीपकागदाची किंवा सुती कापडाची घडी घालून ती वरचेवर बदलावी. वस्तू सावलीत, वाहत्या हवेत, सावकाश वाळू द्यावी. ऊन किंवा शेगडीची धग दाखवू नये, कारण ओले चामडे उष्णतेने आकसते आणि लाकडासारखे कडक होते. पूर्ण वाळेपर्यंत त्याला तेल तर मुळीच लावू नये.

आपल्या घरांत सर्रास होणाऱ्या काही उपायांविषयी येथे स्पष्ट सांगणे आवश्यक वाटते. चिंच, लिंबू-मीठ, ताक किंवा भांडी घासण्याची पूड यांनी समई लखलखते, याविषयी वाद नाही. पण समई घासल्यावर आपण ती भरपूर पाण्याने धुतो. चामड्यात शिवलेले बक्कल तसे धुता येत नाही. आम्ल आणि मीठ शिवणीत मुरून बसतात, आणि महिन्याभरात पहिल्यापेक्षा दुप्पट हिरवे उगवते. चिंचेत फार वेळ राहिलेले पितळ लालसर दिसू लागते, तेही वाचकांनी पाहिले असेल. त्या वेळी पृष्ठभागावरचे जस्त निघून गेलेले असते आणि तांबे तेवढे मागे उरलेले असते. बाजारातील काही पातळ पॉलिशांत अमोनिया असतो. तोही पितळेला कसा बाधतो, हे वर आलेच आहे. शिवाय प्रत्येक पॉलिशाबरोबर धातूचा एक सूक्ष्म थर निघून जातो. जुन्या पट्ट्यांच्या बकलांवरील अक्षरे व चिन्हे पुसट होतात, ती पुष्कळदा अशा अति घासण्यानेच.

मग योग्य उपाय कोणता? प्रथम रंग ओळखावा. पितळेवर एकसारखा तपकिरी, मंद थर असेल तर तो शत्रू नव्हे. जुन्या पितळेचे ते स्वाभाविक अंग आहे, आणि त्याला हात लावण्याचे कारण नाही. मऊ, मेणचट हिरवे असेल तर तो तांब्याचा साबण होय, आणि तो घरी काढता येतो. फिकट हिरवी कोरडी भुकटी खड्ड्यांतून पुन:पुन्हा येत असेल, तर तो मिठाचा विकार समजावा आणि वस्तू जाणकारास दाखवावी. याखेरीज, बक्कल खरोखर पितळेचे आहे की नाही हेही पाहून घ्यावे. चुंबक चिकटला तर आत लोखंड आहे. पांढरी भुकटी दिसली तर बहुधा जस्ताच्या ओतीव वस्तूवर मुलामा आहे. अशा मुलाम्याच्या वस्तू घासल्यास मुलामाच निघून जाईल.

मेणचट हिरवे काढताना पाणी वापरू नये. बांबूची किंवा लाकडाची बारीक काडी, दात कोरण्याच्या काडीसारखी, घेऊन मळ हलकेच खरवडावा. सुई, चाकू किंवा तारेचा ब्रश वापरू नये. खाली जाड कागद सरकवून ठेवावा, म्हणजे निघालेला मळ चामड्यावर पडणार नाही. उरलेला मळ कापसाच्या बोळ्यावर थोडे स्पिरिट घेऊन फक्त धातूवरून पुसावा. स्पिरिट चामड्याला लागू देऊ नये, त्याने रंग उतरतो. तरीही चमक हवी असेल, तर चाळलेल्या खडूच्या पुडीत दोन थेंब स्पिरिट घालून त्या लेपाने बोटभर जागा घासावी आणि पूड पूर्णपणे पुसून काढावी. काम झाल्यावर खरवडलेला मळ कागदात बांधून टाकावा आणि हात साबणाने धुवावेत.

यानंतर खरी गोष्ट, म्हणजे बकलाची कल्हई. साफ व पूर्ण कोरड्या झालेल्या पितळेवर, विशेषत: चामड्याला टेकणाऱ्या मागच्या बाजूवर, चांगल्या मेणाच्या पॉलिशाचा अत्यंत पातळ हात द्यावा आणि मऊ फडक्याने पुसून घ्यावा. नुसते तेल हे मेणाची जागा घेऊ शकत नाही, कारण तेल खवट होते. वस्तू वापरात नसून केवळ जपून ठेवावयाची असेल, तर बकलाखाली पॉलिएस्टरच्या पातळ पारदर्शक पत्र्याचा बेताने कापलेला तुकडा सरकवून ठेवावा. संग्रहालयांतून हीच युक्ती योजतात. नवी बॅग किंवा पट्टा करवून घेताना चर्मकार कारागिराला आधीच सांगून ठेवावे, की रिबिटे व बकले बसवण्यापूर्वी त्यांना सर्व बाजूंनी पारदर्शक लाखेचा हात देऊन तो वाळू द्यावा. जामनगर आणि अलीगढ येथून येणाऱ्या पितळी सामानापैकी काहींना असा हात दिलेला असतो, परंतु ठोकताना तो चरे पडून निघतो. तेव्हा बसवल्यानंतर उघड्या पडलेल्या जागी पुन्हा एक हात फिरवणे बरे.

चामड्याला तेल लावूच नये काय? वापरातील चामड्याला ते लागते. पण ते वर्षातून एकदा, फडक्यावर घेऊन, धातूपासून एक बोट अंतर ठेवून, आणि पुसल्यावर हाताला चिकट लागणार नाही इतकेच. नुसती कपाटात राहणारी जुनी वस्तू तेलाविना अधिक सुखात राहते. अशी वस्तू प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधू नये, आत ओल कोंडते. वर्तमानपत्राचा कागदही नको, तो स्वत:च आम्लधर्मी असतो. धुतलेल्या, खळ नसलेल्या सुती कापडात ती सैल गुंडाळावी, पट्ट्याचे बक्कल मोकळे ठेवावे, आणि सोबत सिलिका जेलची पुडी ठेवावी. ती पुडी पावसाळ्यात वरचेवर बदलावी लागते, हे विसरू नये. डांबराच्या गोळ्यांनी कसर दूर राहते, ओल नव्हे.

काही वस्तूंच्या बाबतीत मात्र आपला हात आवरता घेणे हेच शहाणपण. तलवारीचे म्यान, जुन्या कातडी ढाली, सनदांच्या कातडी थैल्या यांवरील पितळ घरी साफ करू नये. धातुरक्षणासाठी संग्रहालयांच्या प्रयोगशाळांत बेन्झोट्रायझोल नावाचे द्रव्य वापरतात. ते घरगुती हाताळणीचे नव्हे. केंद्र सरकारने १९७६ साली लखनौ येथे सांस्कृतिक ठेव्याच्या जतनासाठी राष्ट्रीय संशोधन प्रयोगशाळा स्थापन केली, आणि मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातही जतनाचे स्वतंत्र केंद्र आहे. मौल्यवान वस्तूबाबत अशा ठिकाणी विचारणा करावी. चामड्याच्या शास्त्रासाठी चेन्नईची केंद्रीय चर्म संशोधन संस्था १९४८ पासून काम करीत आहे.

वर्षातून दोन दिवस या कामासाठी नेमून घ्यावेत, असे आम्ही सुचवतो. एक मृगाच्या पावसापूर्वी, जेव्हा हवा अद्याप कोरडी असते, आणि दुसरा खंडेनवमीच्या आधी. खंडेनवमीला शस्त्रे व अवजारे पूजेसाठी बाहेर निघतातच. त्या दिवशी ओले गंध-कुंकू थेट पितळेवर किंवा चामड्यावर न लावता, वस्तूपुढे ठेवलेल्या पानावर वाहिले तर पूजाही होते आणि वस्तूही वाचते. पूजा आटोपल्यावर घरातील मुलांना जवळ बसवून ती वस्तू कोणाची, कोठून आली, कोणी वापरली, हे सांगावे, आणि बक्कल पुसण्याचे काम त्यांच्यापैकी एखाद्याकडे कायमचे सोपवावे. पुढे ती जपण्याची पाळी त्यांचीच आहे.